ओढायचं घर की चालवायचं घर? कॅरव्हॅनचे प्रकार, उसाच्या ट्रॉलीच्या भाषेत

आमच्या दाजींना मास्तरकीतून मोकळं होऊन दोन वर्षं झाली. राहायला कोरेगावात. गेल्या दिवाळीत आक्काला घेऊन सांगलीला आले आणि फराळाचं ताट पुढं ठेवलं, तर चकलीला हात लावायच्या आधी मोबाईल माझ्यापुढं धरला. कुठल्याशा विलायती रस्त्यावर एक साधी मोटार आणि तिच्या मागं पांढरंशुभ्र, पडद्याबिडद्यांचं घर. "पाव्हणं, तुम्ही ट्रॉल्या बांधता नव्हं? हे एवढं आम्हाला बांधून द्या."

कुपवाडला माझी शेड आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, टेम्पोच्या बॉड्या, कधी पाण्याचा टँकर, असली कामं असतात. ट्रॉलीवर चार भिंती आणि छप्पर चढवलं की कॅरव्हॅन झाली, असं दाजींचं मत. पहिले दोन दिवस माझंही तेच होतं. मग वाचत गेलो, मापं काढत बसलो, भाड्याच्या एका कॅम्पर व्हॅनमध्ये दोन रात्री काढल्या, आणि वाटलं होतं तेवढं हे सोपं नाही हे ध्यानात आलं. दाजींना जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

पहिला घोळ नावाचाच आहे. कॅरव्हॅन हा शब्द फारसीतल्या कारवाँवरून आला, म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. ब्रिटनमध्ये आज कॅरव्हॅन म्हटलं की मोटारीनं ओढायचं घर, ज्याला स्वतःचं इंजिन नाही. इंजिन असलं की तिथं त्याला मोटरहोम किंवा कॅम्पर व्हॅन म्हणतात. अमेरिकेत ओढायच्या घराला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात आणि ओढायचं, चालवायचं सगळं मिळून आरव्ही. आपल्याकडं उलटंच: बसच्या आकाराची, आत पलंग-किचन असलेली, स्वतः चालणारी गाडी म्हणजे कॅरव्हॅन. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हाही बहुतेकांच्या डोळ्यापुढं अशीच गाडी होती. त्यामुळं व्हिडिओ बघताना आधी देश कुठला ते बघायचं, नाहीतर किंमत एकीची आणि चित्र दुसरीचं असं होतं.

हौसेची पहिली कॅरव्हॅन १८८५ ची मानतात. आरमारात डॉक्टरकी केलेल्या गॉर्डन स्टेबल्स नावाच्या स्कॉटिश माणसानं ब्रिस्टलमध्ये 'वाँडरर' नावाचं दोन घोड्यांचं घर बांधून घेतलं, वजन साधारण दोन टन, आणि त्यातून इंग्लंड ते स्कॉटलंड हिंडला. १९०७ पर्यंत अशा हौशी लोकांचा क्लबही निघाला. हे हौसेचं झालं. गरजेपोटी चाकांवर बिऱ्हाड घालणारी माणसं आपल्या दारावरून दरसाल जातात. ऊसतोडीचा हंगाम आला की बीडकडून येणाऱ्या टायरगाड्यांवर चूल, हंडे, कोंबड्या आणि लेकरं असतात. लोणंद-फलटणच्या वाटेनं माउलींची पालखी जाते तेव्हा प्रत्येक दिंडीचा ट्रक म्हणजे शे-दीडशे माणसांचं स्वयंपाकघर आणि कोठीच असते. त्यामुळं चाकावरचा संसार ही विलायती कल्पना आहे असं मला कुणी सांगू नये.

आता मुद्द्यावर येतो. प्रकार डझनभर असले तरी विचारायचा प्रश्न एकच: इंजिन घरात आहे का घराच्या पुढं?

उलाळ गाडी

ओढायच्या घराचा मोठा फायदा म्हणजे मुक्कामाला पोचलं की हूक सोडायचा, घर तिथं ठेवायचं आणि मोटार घेऊन हिंडायचं. शिवाय इंजिन-गिअरबॉक्सचा खर्च नाही. तोटा काय, तो ट्रॅक्टरवाल्याला विचारा.

बैलगाडीत मागं जास्त भरलं की जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला पट्टे कचतात. आपण म्हणतो गाडी उलाळ झाली. फार पुढं भरलं तर सगळा भार बैलांच्या मानेवर. ओढायच्या कॅरव्हॅनचं सगळं शास्त्र या एका शब्दात आहे. तिचा हूक मोटारीच्या मागच्या गोळ्यावर बसतो आणि त्या गोळ्यावर ठरावीक वजन खाली दाबत राहिलं पाहिजे. ब्रिटनमध्ये कॅरव्हॅनच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के धरतात, अमेरिकेतल्या ट्रेलरना १० ते १५ टक्के. बाराशे किलोची कॅरव्हॅन असेल तर ब्रिटिश हिशेबानं हुकावर साठ ते ऐंशी-पंच्याऐंशी किलो. जड सामान चाकांच्या आखावर ठेवायचं, पार मागच्या कपाटात नाही.

ट्रॉली उलाळ भरली तरी आपल्याकडं एवढं काही होत नाही, कारण ट्रॅक्टर वीस-पंचवीसच्या वेगानं जातो. हायवेला ऐंशीच्या वेगानं उलाळ कॅरव्हॅन शेपटी हलवायला लागते. आधी थोडी, मग जास्त, आणि शेवटी मागचं घर पुढच्या मोटारीला ओढतं. असं झालं की ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं, झोके आपसूक कमी होऊ द्यायचे. घाबरून ब्रेक दाबला किंवा स्टीअरिंग फिरवत बसलं की खेळ खलास. माझं ट्रॉलीचं वीस वर्षांचं ज्ञान इथंच अपुरं पडलं.

ब्रेकचंही तसंच. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक लागतो. मोटार थांबायला लागली की मागचं घर पुढं रेटतं, त्या रेट्यानंच हुकातला दांडा आत सरकतो आणि घराच्या चाकांना ब्रेक लागतो. साधी आणि हुशार युक्ती. आपल्या उसाच्या कित्येक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो, आणि तशा दोन-दोन जोडून माणसं कारखान्यावर जातात. तो विषय काढला तर लेख संपायचा नाही.

मग मोटार केवढी हवी? नवख्या माणसासाठी ब्रिटनमध्ये सांगितला जाणारा नियम असा की भरलेल्या कॅरव्हॅनचं वजन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. दाजींची हॅचबॅक साडेआठशे किलोची. पंच्याऐंशी टक्के म्हणजे सव्वासातशे. त्यात दोन पलंगांची धड कॅरव्हॅनही बसत नाही. शिवाय गाडी किती ओढू शकते हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असावं लागतं. दिलेलं नसेल तर शून्य समजायचं, हा माझा नियम.

"अन् चालू गाडीत मागं बसून पत्ते खेळता येतील का?" दाजींचा पुढचा प्रश्न. नाही. ओढल्या जाणाऱ्या घरात माणसं बसवायला ब्रिटनमध्ये मज्जाव आहे आणि तो शहाणपणाचा आहे. त्या भिंती पातळ पत्रा, मध्ये फोम आणि आत पातळ प्लाय अशा असतात. अपघातात माणूस वाचवायला त्या बांधलेल्याच नाहीत.

ओढायच्या घरांत बरेच आकार आहेत. सगळ्यात छोटं 'टिअरड्रॉप', थेंबाच्या आकाराचं: आत नुसता बिछाना, मागचं झाकण उघडलं की ओटा. घडीच्या कॅरव्हॅनचं छप्पर प्रवासात खाली बसतं आणि मुक्कामाला उचलून कापडाच्या भिंती ताणायच्या. वाऱ्याला विरोध कमी, पण चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर त्या कापडाच्या भिंतीत झोपून दाखवणाऱ्याला माझ्याकडून जेवण. मग नेहमीची पक्क्या भिंतींची, एका आखाची किंवा दोन आखांची. आणि ब्रिटनमध्ये 'स्टॅटिक' म्हणतात ती नावालाच चाकांवर असते. ट्रकवर घालून आणतात आणि पार्कात वर्षानुवर्षं ठेवतात. तिला कॅरव्हॅन म्हणायचं म्हणजे उंबऱ्याला लाकूड म्हणण्यासारखं, खोटं नाही पण उपयोगही नाही.

अमेरिकेतलं 'फिफ्थ व्हील' मात्र कारागिराला आवडावं असं आहे. हायवेवर कंटेनर ओढणारा हॉर्स, म्हणजे पुढचा इंजिन-केबिनवाला ट्रक, आपण रोज बघतो. त्याचा ट्रेलर मागं लटकत नाही, मागच्या चाकांवरच बसतो. तसंच इथं पिकअपच्या हौद्यात, आखाच्या डोक्यावर, हूक असतो. भार आखावर आल्यामुळं उलाळीचं दुखणं जवळपास नाहीसं होतं आणि मोठमोठी घरं ओढता येतात. घोडागाडीची पुढची चाकं वळावीत म्हणून जी आडवी चकती असायची, ते पाचवं चाक. नाव तिथून आलं.

रिव्हर्सचं वेगळं सांगायला नको. स्टीअरिंग उजवीकडं तर घराचं बूड डावीकडं. वाई सोडून पसरणी घाटाला लागलात, समोरून एसटी आली आणि मागं घ्यायची वेळ आली तर काय होईल याचं चित्र मी दाजींपुढं उभं केलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि चकली उचलली.

केबिन ठेवायची का काढायची

चालवायच्या घरांना अमेरिकेत ए, बी, सी अशी अक्षरं आहेत. ती मोठ्याकडून छोट्याकडं असावीत असं वाटतं, पण तसं नाही. सगळ्यात छोटी 'बी' आहे. अक्षरं पाठ करण्यापेक्षा बॉडी कशी बांधली ते बघा, लगेच कळतं.

नुसती चासी आणून तिच्यावर पुढच्या काचेपासून मागच्या दिव्यापर्यंत सगळी बॉडी बांधली तर ती क्लास ए. दापोडीच्या कार्यशाळेत एसटीची बॉडी चढते तसं. ही बसएवढी, काही चाळीस फुटांच्याही पुढं. मुक्कामाला काहींची भिंत मोटरवर बाहेर सरकते आणि खोली रुंद होते. दिसायला राजेशाही, पण वाईच्या गल्लीत वळणार नाही.

कंपनीची केबिन तशीच ठेवून मागं पेटी बांधली तर क्लास सी. टेम्पोला आम्ही बॉडी बांधतो तेच. ओळखायची खूण म्हणजे केबिनच्या डोक्यावर पुढं आलेला कपाळासारखा भाग, ज्यात एक बिछाना असतो. पोरं त्या जागेसाठी भांडतात. युरोपात हा कपाळाचा भाग काढून बुटकी केलेली गाडीही चालते, वारा कमी अडतो.

आणि कंपनीच्या बंद व्हॅनला बाहेरून हात न लावता आत घर बसवलं तर क्लास बी, म्हणजे कॅम्पर व्हॅन. फोक्सवॅगनची प्रसिद्ध टाइप २ व्हॅन १९५० ला आली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कंपनीनं तिच्यात मावणारी 'कॅम्पिंग बॉक्स' काढली. उचलून ठेवायची पेटी: तिच्यात कपाट, ओटा, बिछाना. आठवडाभर व्हॅन धंद्याला, रविवारी पेटी चढवली की सहलीला. आपल्याकडं फोर्स ट्रॅव्हलर, टाटा विंगर यांच्या आत जे बांधतात ती याचीच नातवंडं.

उरले दोन. पिकअपच्या हौद्यात घर बसवायचं आणि मुक्कामाला चार जॅकवर उभं करून पिकअप खालून काढून घ्यायची, हा ट्रक कॅम्पर. हायलक्स, व्ही-क्रॉस असणाऱ्यांना जमेल. दुसरा टपावरचा तंबू. त्यात एक गोष्ट लोक चुकवतात: चालत्या गाडीच्या टपावर किती वजन चालतं हे पुस्तिकेत असतं, आणि तंबूच पन्नास-साठ किलोचा असतो. गाडी उभी असताना तेच टप दोन माणसं आरामात पेलतं. म्हणून बघायचा आकडा चालत्या गाडीचा.

माझं मत विचाराल तर आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत, घाट-गल्ल्या-कमानी बघता, हिंडण्यासाठी कॅम्पर व्हॅनच. ओढायचं घर आपल्या रानात, विहिरीजवळच्या आंब्याखाली महिनाभर उभं करायला झकास. रोज जागा बदलायला नाही.

पाणी, वीज आणि तिसरी टाकी

भाड्याच्या व्हॅनमधल्या दोन रात्री मी ठोसेघरच्या अलीकडं एका कृषी पर्यटन केंद्राच्या अंगणात काढल्या. पहिल्या रात्री पहाटे तीनला पंखा थांबला, फ्रीज थांबला, आणि अंधारात मी बॅटरीचा हिशेब करत बसलो. तो आधी करायला हवा होता.

बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे बाराशे वॅट-अवर. घरच्या मीटरचं सव्वा युनिटही नाही. साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर टिकावी म्हणून अर्धीच वापरायची, म्हणजे सहाशे. छोटा पंखा वीस वॅटचा, आठ तासांत एकशेसाठ. छोटा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला चार-पाचशे खातो. झालं की! एक टनाचा एसी हजार वॅटच्या आसपास घेतो, त्याला ही बॅटरी अर्धा-पाऊण तास. व्हॅनला एसी आहे असं सांगितलं तर पुढचा प्रश्न एवढाच: बाहेरची वीज जोडल्याशिवाय किती तास? लिथियम बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते, वजनही कमी, पैसे जास्त. टपावर दोनशे वॅटचं सोलर पॅनल असेल तर लख्ख उन्हात दिवसाला सात-आठशे वॅट-अवर मिळतात. आटपाडीत छान चालेल. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथं जुलैत ते पॅनल म्हणजे टपावरची काच.

त्यापेक्षा जागा आणि महिना नीट निवडा. जानेवारीत तापोळ्याला एसी कशाला हवा?

पाण्याचा हिशेब सोपा, एक लिटर म्हणजे एक किलो. ऐंशी लिटरची टाकी भरली की एक दणकट माणूस जास्तीचा बसला. वजनाबद्दल सुताराला आधीच बजावा. अठरा मिलिमीटरची आठ बाय चारची प्लाय तीस-बत्तीस किलोची असते, घरच्या कपाटासारखं फर्निचर केलं की दहा पाट्यांत तीनशे किलो संपले. गाडीचं पासिंगचं कमाल वजन वजा बांधून झालेल्या रिकाम्या गाडीचं वजन, यात माणसं, पाणी, गॅस, आक्काची लोणच्याची बरणी सगळं बसायला हवं. बांधून झाल्यावर वजनकाट्यावर नेल्याशिवाय पैसे चुकते करू नका.

गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली फरशीवर साचतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी भोक आणि कपाट आतल्या बाजूनं हवाबंद असावं लागतं. वर जाळी ठेवून उपयोग नाही. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद.

आता तिसरी टाकी. पहिली चांगल्या पाण्याची, दुसरी मोरीच्या पाण्याची, तिसरी संडासाची. मोठ्या अमेरिकन गाड्यांत ती गाडीखाली पक्की बसवलेली असते आणि जाड नळीनं रिकामी करतात. युरोपात पंधरा-वीस लिटरची कॅसेट असते. बाहेरचं दार उघडायचं, सुटकेससारखी ओढून काढायची, संडासात ओतायची, धुवायची. दोन माणसांना दोन-तीन दिवस पुरते. तिकडं कॅम्पिंगच्या जागी यासाठी वेगळी सोय असते. आपल्याकडं मुक्कामाच्या मालकाला आधी फोन करून विचारावं लागतं. ओढ्यात, कृष्णेच्या काठाला, उसाच्या पाटात ओतणाऱ्याला मी तरी गाडी बांधून देणार नाही.

कागदांचं थोडक्यात. ट्रॉलीसारखीच ओढायच्या घरालाही स्वतःची नोंदणी लागते. खासगी गाडीला पांढरी पाटी. भाड्यानं घेऊन स्वतः चालवायची असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, ड्रायव्हरसकट असेल तर पिवळ्यावर काळी. पांढऱ्या पाटीची व्हॅन कुणी भाड्यानं देत असेल तर घेऊ नका, विम्याच्या वेळी पस्तावाल. एकूण वजन साडेसात टनांच्या आत असेल तर हलक्या मोटारीचं लायसन्स चालतं. आणि आपली जुनी गाडी गॅरेजात नेऊन छप्पर कापलं, पक्की बॉडी बदलली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली तो बेकायदा फेरफार ठरू शकतो. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. त्याप्रमाणं मंजूर झालेली गाडी घेणं किंवा आधी एमएच १०, ११, ५० जे आपलं आरटीओ असेल तिथं जाऊन लेखी विचारणं, हे दोनच रस्ते. माझ्यासारख्या शेडवाल्याचं "होतंय की ओ" यावर विसंबू नका.

हे सगळं ऐकून दाजींनी वही काढली आणि स्वतःच्या वाड्याच्या दिंडीदरवाजाची उंची लिहिली: सव्वासात फूट. उंच छपराची व्हॅन साडेआठ फुटांच्या आसपास. ती आत जाणार नाही हे त्यांनी स्वतःच ठरवलं. विकत घ्यायचं तूर्त राहिलं. जानेवारीत दोन रात्रींसाठी भाड्यानं घेऊन तापोळ्याला जायचं नक्की झालं आहे, मीही बरोबर. आक्का यायला तयार आहे, फक्त कॅसेट कोण उपसणार हे तिला निघायच्या आधी कागदावर हवंय.